तळहाताएवढं चित्र आणि तळाची बारीक ओळ

माझं पहिलं कार्ड ड्रॅगनचं होतं. मोठ्या पडद्यावर झूम करकरून मी त्याचा एकेक खवला वेगळा रंगवला. डोळ्याच्या बाहुलीत गुहेच्या तोंडाचं प्रतिबिंबसुद्धा दाखवलं. दोन आठवडे गेले. मग ते खऱ्या मापात छापलं, कापलं आणि टेबलापलीकडे बसलेल्या मैत्रिणीपुढे ठेवलं. तिने मान वाकडी केली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "कासव आहे का गं?"

कार्डासाठी चित्र काढणं म्हणजे काय, याचा निम्मा धडा त्या एका प्रश्नात होता. उरलेला निम्मा कार्डाच्या तळाशी असतो, चित्रकाराचं नाव छापतात त्या मुंगीएवढ्या ओळीत. मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ १९९३ साली आला तेव्हापासून त्याच्या कार्डांवर ही ओळ आहे. पोकेमॉनच्या कार्डांवरही ती असते. फॅन आर्ट, म्हणजे दुसऱ्याच्या पात्राचं चाहत्याने काढलेलं चित्र, चालतं का, एआयने बनवलेल्या चित्राला कला म्हणायचं का, हे वाद मला तरी त्या ओळीपाशी आणून ठेवले की सोपे होतात. तिथे नाव कोणाचं घालायचं, आणि ज्याचं घालू त्याला चित्राबद्दल चार प्रश्न विचारले तर उत्तरं देता येतील का?

पण आधी हातात पेन्सिल घेऊ.

पायरी १: माप

मॅजिक आणि पोकेमॉन, दोन्हींची कार्डं साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरची, म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांची असतात. यु-गि-ओ या आणखी एका खेळाची थोडी लहान, सुमारे ५९ बाय ८६. स्वतःच्या खेळासाठी किंवा नुसत्या हौसेसाठी काढत असाल तर पहिलं माप धरा. त्या मापाच्या स्लीव्ह, म्हणजे कार्ड घालायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, सहज मिळतात.

छपाईसाठी चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड सोडायचं, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेरही चित्र तेवढं वाढवायचं. कापताना पातं केसभर इकडेतिकडे सरकतंच, आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ डोकावते. म्हणजे फाइल ६९ बाय ९४ मिमीची झाली. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचामागे ३०० ठिपके धरले तर, ती सुमारे ८१५ बाय १११० पिक्सेल भरते. मी याच्या चौपट, ३२६० बाय ४४४० वर काढते, म्हणजे तेच चित्र पुढे मोठं छापायचं झालं तरी फाटत नाही. कापण्याच्या रेषेच्या आतही ३ मिमी मोकळे ठेवा. महत्त्वाचं काही, विशेषतः चेहरा आणि बोटं, त्या पट्ट्यात नको.

हे झालं पूर्ण कार्डभर चित्राचं. नेहमीच्या चौकटीच्या कार्डात चित्राला मिळणारी खिडकी जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर उंच असते. आडवी, साधारण ४:३. एका कोऱ्या कागदावर ती खिडकी पट्टीने आखा आणि काम संपेपर्यंत समोर चिकटवून ठेवा. पडद्यावर चित्र कितीही भव्य दिसलं तरी राहायला त्याला एवढंच घर आहे.

पायरी २: चार ओळींचं वर्णन

मॅजिकच्या चित्रकारांना कंपनीकडून प्रत्येक कार्डाचं लेखी वर्णन मिळतं: कार्डाचा रंग, स्थळ, क्रिया, नजर कुठे जायला हवी आणि भाव काय हवा. तुम्ही स्वतःसाठी काढत असलात तरी हे लिहाच. डोक्यात असलेलं चित्र नेहमी धुक्यात असतं, आणि लिहायला बसलं की कळतं की आपण काहीच ठरवलेलं नव्हतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी मी माझंच एक कार्ड घेते. कार्डाचं नाव 'विझल्या दिव्याची राखणदार'. खेळातलं काम असं: टाकलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यातून एक कार्ड परत हातात घ्यायचं. गेलेलं परत आणणं हे चित्रात दिसायला हवं. वर्णन लिहिलं ते असं:

स्थळ: खडकावरचं दीपगृह, वरचा सज्जा. रात्र, वादळ नुकतं ओसरतंय.
क्रिया: राखणदार बाई विझलेल्या मोठ्या दिव्याकडे तळहातात जपून एक ज्योत नेते आहे.
नजर: तिचा हात आणि ज्योत.
भाव: दमलेली, पण घाबरलेली नाही.

'विझलेल्या' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. दिवा आधीच पेटलेला दाखवला तर कार्डाचा अर्थच गेला, मग ती नुसती दीपगृहात उभी असलेली बाई. हा कागद जपून ठेवा, पुढे एआयकडे वळू तेव्हा पुन्हा लागणार आहे.

पायरी ३: वीस थंबनेल

खिडकीच्या खऱ्या मापात, फक्त काळा, पांढरा आणि एक करडा वापरून वीस छोटी रेखाटनं करा. एकेका रेखाटनाला तीन-चार मिनिटं पुरेत. पहिली पाच-सहा कोणालाही सुचतील अशीच येतात, आणि ती काढून संपवावीच लागतात. त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

माझ्या पहिल्या रेखाटनात अख्खं दीपगृह होतं, खाली लाटा, वर ढग आणि सज्ज्यावर उभी राखणदार. कागदावर छान दिसत होतं. मग पट्टी लावली. बाईची उंची ८ मिमी. माणसाचा हात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत उंचीच्या साधारण दहाव्या भागाएवढा असतो, म्हणजे तिचा हात एक मिलिमीटरसुद्धा नव्हता. ज्या हातावर अख्खं कार्ड उभं आहे, तो साखरेच्या दाण्याएवढा!

सातव्या-आठव्यापर्यंत मी बुरूज सोडायला तयार नव्हते. अकराव्यात तो गेला. तेराव्यात बाई कमरेपासून वर आली, हात चौकटीच्या मध्याच्या जरा उजवीकडे, जवळजवळ आठ मिमीचा. समुद्र डावीकडे एका गडद पट्ट्यापुरता उरला. वारा तिकडून येतोय, म्हणून तिने ज्योतीच्या डाव्या बाजूला दुसऱ्या हाताचा तळवा आड धरला आहे. मोठ्या दिव्याच्या काचेची फक्त कड दिसते, आत काळोख. दीपगृह कुठेच दिसत नाही, आणि तरी ते दीपगृहच वाटतं.

थंबनेल निवडताना दोन परीक्षा घ्या. एक, हात लांब करून धरा आणि डोळे किलकिले करा. आकार ओळखू आला पाहिजे. दुसरी परीक्षा बरेच जण विसरतात: कार्ड उलटं धरा. खेळताना समोरच्या माणसाला तुमचं कार्ड जवळपास सगळा वेळ उलटंच दिसतं. उलट्या स्थितीतही सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जागा एकमेकींना भिडलेल्या दिसल्या, तर चित्र टेबलावर टिकतं. माझ्या ड्रॅगनमध्ये सगळे खवले सारख्याच मध्यम तपकिरी छटेचे होते. उलटं केल्यावर कासव दिसणार नाही तर काय?

पायरी ४: संदर्भ, शक्यतो स्वतःचे

खोलीत अंधार करा, फोनचा टॉर्च तळहाताखाली धरा आणि दुसऱ्या फोनने फोटो काढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यातून मला जे दिसलं ते कल्पनेने कधीच सुचलं नसतं. बोटांच्या फटींमधून उजेड लालसर होऊन बाहेर येतो, कारण तो कातडीतून आणि रक्तातून गाळून येतो. बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या दिसतात आणि मधला जाड भाग गडद राहतो. उजेड खालून आला की नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि चेहरा भीतिदायक होतो. माझ्या वर्णनात 'घाबरलेली नाही' होतं, बघणाऱ्यालाही घाबरवायचं नव्हतं. म्हणून ज्योत हनुवटीच्या खाली न ठेवता बाजूला, खांद्याच्या उंचीला घेतली. सावल्या लगेच शांत झाल्या.

दुसऱ्यांचे फोटो वापरायचे तर परवाना बघा आणि कुठून घेतला त्याची नोंद ठेवा. एखाद्याचा फोटो गिरवणं किंवा त्याचा तुकडा कापून आपल्या चित्रात चिकटवणं, वर रंग फासला तरी, ओळखणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. कार्डांचे चाहते जुन्या चित्रांतलं झाडाचं खोडसुद्धा ओळखतात, हे लक्षात असू द्या.

पायरी ५: रंग आणि कडा

इथे फार वेळ घालवत नाही, रंगवणं प्रत्येकाचं वेगळं असतं. दोनच गोष्टी. तपशील नजर जिथे जायला हवी तिथेच. माझ्या कार्डात हात, ज्योत आणि तिचे डोळे एवढ्याच कडा धारदार आहेत. ओली शाल, कठडा, समुद्र हे सगळं मऊ, जवळजवळ विरघळलेलं. दुसरी गोष्ट छपाईची. पडद्यावरचे तेजस्वी निळे, जांभळे आणि हिरवे सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांच्या, शाईत मावत नाहीत, ते मळकट होतात. गडद भागही छापल्यावर अजून गडद होतात. रात्रीचं चित्र असेल तर पडद्यावर जरा जास्तच उजळ वाटेल इतपत सावल्या उचला.

फॅन आर्ट: आवडतं पात्र, परकं घर

आता समजा, राखणदार तुमची नाही. एखाद्या गाजलेल्या खेळातलं पात्र तुम्हाला तुमच्या हाताने काढायचंय. वरच्या पाचही पायऱ्या तशाच लागू होतात. फक्त आधी एक पायरी वाढते: या घराचे नियम काय आहेत ते बघणं.

फॅन आर्ट म्हणजे कमअस्सल कला, असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. टोकियोत १९७५ साली सुरू झालेलं कॉमिकेट हे चाहत्यांनी काढलेल्या पुस्तिकांचं संमेलन आहे आणि त्यातून व्यावसायिक चित्रकारांची रांग उभी राहिली. पोकेमॉनचं सगळ्यात दुर्मीळ समजलं जाणारं 'इलस्ट्रेटर' कार्ड विकत मिळतच नव्हतं. १९९७-९८ मध्ये एका जपानी मासिकाने घेतलेल्या चित्रस्पर्धांच्या विजेत्यांना ते बक्षीस म्हणून दिलं गेलं. म्हणजे चाहत्यांच्या चित्रांसाठीच ते जन्माला आलं. झ्युरिकमध्ये १९९७ साली स्विस कलाकार एम. वेंची श्टिर्नेमान यांनी 'आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड'ची कल्पना मांडली. माप तेच अडीच बाय साडेतीन इंच, आणि अट एकच: विकायची नाहीत, समोरासमोर अदलाबदल करायची. सुरुवात करायला याहून चांगला खेळ मला माहीत नाही. तुमच्या हाताने केलेलं कार्ड दुसऱ्याच्या हातात जातं आणि त्याचं तुमच्याकडे येतं.

कायद्याची बाजू थोडी रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. पात्र ज्याचं, त्यावरून नवं चित्र काढण्याचा हक्कही साधारणपणे त्याचाच असतो. 'मी पैसे घेत नाही' एवढ्याने तो हक्क नाहीसा होत नाही, फार तर समोरचा दुर्लक्ष करतो. 'मी माझ्या शैलीत बदललंय' हाही रामबाण नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अँडी वॉरहॉलच्या प्रतिष्ठानविरुद्ध निकाल दिला. एका छायाचित्रकर्तीने काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून वॉरहॉलने चित्रं केली होती आणि त्यातलं एक मासिकाला परवान्याने दिलं गेलं होतं. मूळ फोटोचा धंदा ज्या कामातून चालतो त्याच कामासाठी ते वापरलं गेलं, तेव्हा नुसती नवी शैली पुरत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. देशोदेशी कायदा वेगळा असतो, पण ही कसोटी डोक्यात ठेवण्यासारखी आहे: माझं चित्र मूळ चित्राची भाकरी खातंय का?

मग करायचं काय? मी करते ते सांगते. आधी त्या कंपनीचं फॅन कंटेंटचं धोरण वाचते. मॅजिकची मालक असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्टचं असं धोरण उघडपणे उपलब्ध आहे. चाहत्यांचं काम फुकट बघायला मिळालं पाहिजे, त्यांची बोधचिन्हं वापरायची नाहीत आणि हे अधिकृत नाही असं स्पष्ट लिहायचं, ही त्याची मुख्य सूत्रं. मग खेळाचं बोधचिन्ह आणि कार्डाची खरी मागची बाजू मी कधीच छापत नाही. पुढची बाजू काहीही असो, मागची बाजू हुबेहूब केली की ते फॅन आर्ट राहत नाही, बनावट कार्ड होतं. माझ्या कार्डांची पाठ मी वेगळी रंगवते, त्यावर 'चाहतीने केलेलं, खेळण्यासाठी नाही' असं लिहिते.

आणखी एक फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पात्र कंपनीचं असतं, पण त्याची ती विशिष्ट ऐट, ती मान वळवण्याची तऱ्हा, तो संध्याकाळचा नारिंगी उजेड हे सगळं एका माणसाने ठरवलेलं असतं आणि त्याचं नाव तळाच्या ओळीत असतं. पोकेमॉनच्या पहिल्या संचातला चॅरिझार्ड मित्सुहिरो अरिता यांनी काढला, मॅजिकचं ब्लॅक लोटस हे कार्ड क्रिस्टोफर रश यांनी. तुम्ही पात्र घेताय की अरितांची रचना घेताय, हे स्वतःला विचारा. रचना घेतली असेल तर तसं लिहा: 'अमुक यांच्या चित्रावरून'. तळाच्या ओळीत दोन नावं मावतात.

आता एआय

पायरी २ मधला तो चार ओळींचा कागद काढा. स्थळ, क्रिया, नजर, भाव. तो हुबेहूब प्रॉम्प्ट आहे, म्हणजे एआयला चित्रासाठी द्यायची लेखी सूचना. चित्र बनवणाऱ्या कोणत्याही एआयला दिला तर अर्ध्या मिनिटात चार चित्रं येतील.

मी दिला. चित्रं सुंदर होती, हे आधी कबूल करते. शालीवरचे थेंब तर माझ्यापेक्षा सरस. पण बहुतेक सगळ्या चित्रांत मोठा दिवा आधीच पेटलेला होता. मी 'विझलेला' लिहिलं, 'काळोखी काच' लिहिलं, 'अजून पेटलेला नाही' असंही लिहून पाहिलं. दीपगृहाच्या ज्या चित्रांवर ही यंत्रं शिकतात, त्यांत दिवा पेटलेलाच असणार, म्हणून यंत्रही तोच पेटवत राहतं. चाळिसेक प्रयत्नांनंतर एकात दिवा विझलेला मिळाला. त्यात कठडा डावीकडे आणि समुद्र उजवीकडे होता, आणि ज्योतीच्या उजव्या बाजूला काहीच आडोसा नव्हता. समुद्राकडचा वारा ज्योत विझवत कसा नाही? मला उत्तर देता येईना. ते ठरवलेलं कोणीच नव्हतं.

आता 'ही कला आहे का' हा प्रश्न. मला वाटतं, यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि म्हणून भांडण मिटत नाही.

पहिला: ती कला आहे का? दुसरा: ती तुमची आहे का? तिसरा: ती रास्त आहे का?

पहिल्यावर मी फार ताणत नाही. 'सोपं आहे म्हणून कला नाही' हा युक्तिवाद लंगडा आहे. कॅमेऱ्याबद्दल हेच बोललं गेलं. १८८४ साली ऑस्कर वाइल्डच्या एका छायाचित्रावरून खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, मुद्दा हाच की यंत्राने टिपलेल्या चित्राला कर्ता असतो का. न्यायालय म्हणालं, असतो. कारण वाइल्डला कसं बसवायचं, कपडे कोणते, पडदे कसे, उजेड कुठून, हे छायाचित्रकार नेपोलियन सरोनी यांनी ठरवलं होतं. यंत्र होतं की नव्हतं यावर निकाल ठरला नाही, निर्णय कोणाचे यावर ठरला. एआयची चित्रं कापून, जोडून, वरून रंगवून कोणी काही उभं केलं तर त्यालाही कला म्हणायला माझी हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. चार ओळींचं वर्णन लिहिणाऱ्याला कार्डांच्या धंद्यात एक जुनं नाव आहे: कला-दिग्दर्शक. तो मोलाचा माणूस असतो, पण 'चित्र:' या शब्दापुढे त्याचं नाव छापत नाहीत. प्रॉम्प्ट लिहिणारा त्याच खुर्चीत बसलेला असतो. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालयही साधारण याच वाटेने गेलं. २०२३ च्या फेब्रुवारीत 'झारिया ऑफ द डॉन' या चित्रकथेतला मजकूर आणि मांडणी यांना त्यांनी संरक्षण दिलं, पण मिडजर्नी या एआयने बनवलेल्या एकेका चित्राला नाकारलं. २०२२ मध्ये कोलोराडो राज्य जत्रेत डिजिटल गटात पहिलं आलेलं मिडजर्नीचं चित्रही नोंदणीसाठी गेलं. किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट बदलले, असं अर्जदाराचं म्हणणं होतं, तरी नकारच मिळाला. जानेवारी २०२५ च्या अहवालात कार्यालयाने म्हटलं की तेव्हा उपलब्ध असलेल्या यंत्रांत नुसते प्रॉम्प्ट पुरेसं नियंत्रण देत नाहीत. माणसाने स्वतः केलेली मांडणी आणि बदल यांना मात्र संरक्षण मिळू शकतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा की निव्वळ एआयने बनवलेलं चित्र तुमच्या कार्डावर असेल आणि उद्या कोणी ते उचललं, तर त्याला अडवायला तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

तिसरा प्रश्न कलेचा नाहीच, वागणुकीचा आहे. स्टेबल डिफ्यूजन हे चित्र बनवणारं एआय ऑगस्ट २०२२ मध्ये खुलं झालं. ज्या 'लायन-५बी' संचातून त्याच्या शिकवणीची चित्रं आली, त्यात ५८५ कोटी चित्र-मजकुराच्या जोड्यांचे दुवे होते, जालावरून गोळा केलेले. चित्रकारांना कोणी विचारलं नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये काही चित्रकारांनी त्यावर खटला भरला. यंत्राने उद्या जगातलं सर्वोत्तम चित्र काढलं तरी हा प्रश्न तिथेच राहतो. म्हणून 'पण दिसतंय किती छान' हे त्याचं उत्तर होत नाही.

एआय असलेल्या जगात काम करताना

स्पर्धेचे किंवा काम देणाऱ्याचे नियम चित्र सुरू करण्याआधी वाचा. विझर्ड्सने डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं की मॅजिकच्या अंतिम कामात चित्रकारांनी एआयची साधनं वापरू नयेत. आणि त्यानंतर काही आठवड्यांत, जानेवारी २०२४ मध्ये, त्यांच्याच एका जाहिरातीच्या चित्रात एआयचे अंश निघाले. आधी त्यांनी नाकारलं, मग मान्य केलं की चित्र संपादनाच्या नेहमीच्या साधनांत शिरलेल्या एआयमुळे ते आत आले. यातून शिकण्यासारखं हे की एआय मुख्य दारानेच येतं असं नाही. तयार चित्रांच्या साठ्यातून (स्टॉकवरून) घेतलेली पार्श्वभूमी, 'रिकामी जागा भर' असं सांगणारं बटण, तयार टेक्स्चर, कुठूनही येतं. कार्डात बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट वेगळ्या लेयरवर (फाइलमधल्या सुट्या थरावर) ठेवा आणि लेयरच्या नावात तिचं मूळ लिहा. मला याची सवय लागायला एक कार्ड परत रंगवावं लागलं.

कामाचा माग जपा. वीस थंबनेलचा कागद, हाताचे फोटो, लेयर असलेली फाइल, जमल्यास रंगवतानाचं रेकॉर्डिंग. आता हे हौशी लोकांनाही विचारलं जातं. एकदा एका ऑनलाइन गटात माझ्याच चित्रावर 'एआय आहे' असा शेरा आला, कारण चौथं बोट विचित्र दिसत होतं. बोट मीच वाईट काढलं होतं! मी तेराव्या थंबनेलचा फोटो टाकला, त्यात ते बोट आणखी वाईट होतं. विषय संपला.

हाच अनुभव उलट बाजूनेही लक्षात ठेवा. बोटं मोजून एआय ओळखण्याचे दिवस गेले, आणि माणसं तर हजारो वर्षं वाईट हात काढत आलीत. शंका आली तर आरोप करू नका, 'प्रक्रिया दाखवाल का?' एवढं विचारा.

एआयचं चित्र संदर्भ म्हणून वापरावं का? मी टाळते, आणि कारण तत्त्वाचं कमी, कामाचं जास्त आहे. संदर्भ आपण खरं काय दिसतं ते कळण्यासाठी घेतो. बोटांतून येणारा लाल उजेड मला खऱ्या हाताने शिकवला. यंत्राच्या चित्रात उजेड पटेल असा असतो, खरा असेलच असं नाही, आणि फरक कळायला तुम्हाला आधी खरा उजेड माहीत असावा लागतो. रंगसंगतीचे झटपट पर्याय बघायला कोणी वापरत असेल तर तसं उघड सांगावं, एवढंच माझं म्हणणं. 'कुठल्या टप्प्याला वापरलं' हे एका वाक्यात सांगता येतं.

स्वतःची चित्रं जालावर टाकताना लहान रेझोल्यूशनची टाका. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेली ग्लेझ आणि नाइटशेड ही साधनं चित्रात डोळ्याला जेमतेम दिसणारे बदल करतात: ग्लेझमुळे शैलीची नक्कल अवघड होते, नाइटशेडमुळे न विचारता शिकणारं यंत्र चुकीचं शिकतं. ती अभेद्य नाहीत, पण फुकट आहेत. करार करत असाल तर दोन गोष्टी लेखी विचारा: कागदावरचं मूळ चित्र कोणाकडे राहणार, आणि माझं चित्र यंत्राला शिकवायला वापरलं जाणार का.

शेवटची पायरी: टेबल

फाइल छापखान्यात पाठवण्याआधी घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर, खऱ्या मापात, एक प्रत काढा. 'पानावर बसवा' हा पर्याय बंद करायला विसरू नका, नाहीतर माप बदलतं. कापा, आणि स्लीव्हमध्ये एखाद्या जुन्या कार्डाच्या पुढे सरकवा. कागद ताठ राहतो आणि हातात घेतल्यावर कार्डच वाटतं. खरी छपाई साधारण ३०० ते ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाच्या) कार्डकागदावर करतात. कागदाच्या मध्ये काळा किंवा निळा थर असलेला मागा, म्हणजे उजेडात धरल्यावर मागचं पुढे दिसत नाही.

तळाच्या ओळीत नाव घाला. ५ पॉइंटच्या खाली जाऊ नका, शाई पसरून अक्षरं बुजतात.

मग कार्ड टेबलावर ठेवा आणि जिला यातलं काही माहीत नाही अशा कोणाला तरी समोर बसवा, म्हणजे तिला ते उलटं दिसेल. विचारायचं एकच: ही बाई काय करतेय? माझ्या त्याच मैत्रिणीने यावेळी मान वाकडी केली नाही. म्हणाली, "दिवा विझलाय, लावायला चाललीये." फाइल त्या संध्याकाळी गेली. 'दिवा बघतेय' म्हणाली असती तर मी तिसऱ्या पायरीवर परत गेले असते, चौदाव्या थंबनेलपासून.